पाठांतराची कविता

सोकोतो खिलाफतीचे संस्थापक उस्मान दान फोदियो यांच्या कन्या नाना अस्माउ (१७९३-१८६४) यांची कविता वाचताना आरंभी निराशा होते. प्रतिमा थोड्या, नावांच्या याद्या आणि आचाराचे नियमच जास्त. पण छापील कवितेचा निकष येथे लावणे मला चुकीचे वाटते.

आजच्या उत्तर नायजेरियातील या विदुषी अरबी, फुलानी आणि हौसा अशा तीन भाषांत लिहीत. सामान्य स्त्रियांना कळावी म्हणून हौसा. त्यांनी 'यान तारू' ही स्त्रीशिक्षणाची व्यवस्था उभारली. 'जाजी' म्हणून नेमलेल्या स्त्रिया गावोगावच्या बायकांना त्यांच्याकडे घेऊन येत, कविता मुखोद्गत करीत आणि परतून त्याच कवितांतून धर्म शिकवीत. पुस्तक हाती नसलेल्या या शिक्षिकांना यादी हाच आधार होता. तिला रचनेतला दोष म्हणता येत नाही.

मात्र गौरवाने हा विषय संपत नाही. जाजीला त्या गवताची मोठी टोपी आणि लाल पट्टी देत. ही टोपी मुळात गोबिरमधील 'बोरी' या अंगात येण्याच्या पंथातील प्रमुख स्त्रीचे मानचिन्ह. युद्धात जिंकलेल्या मुलखातील स्त्रियांना नव्या राज्याच्या धर्मात आणण्याचे कामही याच शिक्षणाने केले. त्यांना विद्या मिळाली, पण जुनी अधिकारपरंपरा मागे पडली. या दोन्ही गोष्टी जमेस धरल्याशिवाय या कवितेचे मूल्यमापन पुरे होणार नाही.