दोन आवाजांचे नाते : ‘बेअरनेकेड लेडीज’ या कॅनेडियन बँडची वाटचाल

विनोदी म्हणून एकदा शिक्का बसला की कलावंताच्या गांभीर्याकडे समीक्षेचे दुर्लक्ष होते. कॅनडातील ‘बेअरनेकेड लेडीज’ हा पॉप-रॉक बँड याचे ठळक उदाहरण होय. १९८८ मध्ये टोरांटोलगतच्या स्कारबरो येथे एड रॉबर्टसन आणि स्टीव्हन पेज या दोन तरुणांनी तो सुरू केला. आजही तो रंगमंचावर गातो आहे. या वाटचालीत काय टिकले आणि काय हरवले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवस्त्र स्त्रियांचा उल्लेख करणारे हे नाव पुरुषांच्या बँडने थट्टेने घेतले होते. ते स्त्रियांना वस्तुरूप देणारे आहे, या कारणास्तव १९९१ च्या वर्षअखेरच्या सार्वजनिक कार्यक्रमातून टोरांटोच्या नगर प्रशासनाने बँडला वगळले. हा आक्षेप निराधार नव्हता; मात्र त्यातून बँडला मोठी प्रसिद्धी मिळाली. त्याच वर्षीच्या त्यांच्या पाच गाण्यांच्या ध्वनिफितीच्या, मोठ्या कंपनीचे पाठबळ नसतानाही, कॅनडात लाखभर प्रती खपल्या. १९९२ मध्ये ‘गॉर्डन’ हा पहिला अल्बम आला.

या गाण्यांचे मर्म त्यांच्या संवादरूपात आहे. ‘इफ आय हॅड अ मिलियन डॉलर्स’मध्ये एक आवाज स्वप्न मांडतो, तर दुसरा त्याला क्षुल्लक, घरगुती तपशील जोडतो. श्रीमंतीच्या स्वप्नातील विसंगती या उत्तर-प्रत्युत्तरातून प्रकट होते. ‘ब्रायन विल्सन’मध्ये विनोदाच्या पातळ पडद्याआड विषण्णता आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचलेल्या ‘वन वीक’मध्ये रॉबर्टसनचे वेगवान शब्दखेळ आणि पेजचा आर्त स्वर यांतून एका जोडप्याचे भांडण उभे राहते. हास्य आणि विषाद येथे परस्परांवर अवलंबून आहेत.

नाट्यसमीक्षेत आपण संहिता आणि प्रयोग असा भेद करतो. तो येथे उपयुक्त ठरतो. अमेरिकन श्रोत्यांपर्यंत या बँडला नेण्यात ‘रॉक स्पेक्टॅकल’ (१९९६) या जाहीर कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचा मोठा वाटा होता, ही बाब सूचक आहे. त्यांच्या मैफलीत आयत्या वेळी रचलेली गाणी आणि गप्पा असतात. गाण्यात उल्लेखिलेल्या मॅकरोनीची खोकी श्रोते रंगमंचावर फेकू लागले, तेव्हा बँडने ती गरजूंसाठीच्या अन्नपेढ्यांना देण्याचे आवाहन केले. श्रोता असा प्रयोगाचा सहभागी झाला.

फेब्रुवारी २००९ मध्ये पेज बाहेर पडला. रॉबर्टसन, जिम क्रीगन, केव्हिन हर्न आणि टायलर स्टुअर्ट हे चौघे पुढे गात राहिले. ‘ऑल इन गुड टाइम’ (२०१०) मधील ‘यू रन अवे’ हे गाणे विषाद लोपला नसल्याची साक्ष देते. परंतु तो आता एकाच आवाजात व्यक्त होतो. त्याला छेद देणारा दुसरा आवाज नाही. पेजच्या वाट्याच्या ओळी इतर सदस्य गातात. त्यामुळे गाणे पूर्ण होते, पण पूर्वीचा ताण निर्माण होत नाही. २०१८ मध्ये कॅनेडियन म्युझिक हॉल ऑफ फेमच्या सन्मानप्रसंगी व्हँकूव्हर येथे पेज पुन्हा सोबत गायला. ते पुनर्मीलन त्या प्रसंगापुरतेच राहिले.

तरीही उर्वरित चौघांचे सातत्य केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. ‘इन फ्लाइट’ (२०२३) पर्यंत ते नवनिर्मिती करीत आले आहेत आणि रंगमंचावरील उत्स्फूर्तता त्यांनी जपली आहे. या बँडची प्रयोगशीलता टिकली, पण तिच्या गाभ्याशी असलेला द्वंद्वात्मक संवाद क्षीण झाला, असा निष्कर्ष काढावा लागतो. दीर्घ कारकिर्दीचे मूल्यमापन करताना केवळ वर्षे किंवा लोकप्रिय गाणी मोजून भागत नाही. कलाकृतीला आकार देणारे नाते शिल्लक आहे का, हेही तपासावे लागते.