जागा नाही

नाट्यसमीक्षक व्हायला फुकटचा पास आणि पुढची खुर्ची एवढे पुरते, असा माझा समज आहे. मागल्या नाताळात ऑफिसातल्या एका वसईकराने चर्चच्या अंगणातल्या पोरांच्या नाटकाला बोलावले आणि पास नसतानाही पुढची खुर्ची मिळाली. म्हणून ही समीक्षा.

जाताना विरार लोकलच्या दारात लटकलेले गृहस्थ म्हणाले, "जागा नाय, मागची बघा." नाटकाची नांदी तिथेच झाली, हे मला मागाहून कळले.

येशूजन्माचे कथानक सगळ्यांना पाठ. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी हा देखावा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरे गाढव आणले होते. इथे गाढव दोन पोरांचे होते आणि मागच्या पायांचे पुढच्या पायांशी पटत नव्हते. ज्ञानी पुरुष किती आले ते मत्तयाने लिहिलेले नाही. त्याचा फायदा घेऊन बाईंनी पाच आणले. पाच पोरांच्या आयांना नाही कसे म्हणणार? योसेफाच्या तोंडी शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही. इथल्या योसेफाला चार दिली होती. ती चारही तो विसरला. मूळ संहितेशी प्रामाणिक राहिला तो एवढाच!

आता धर्मशाळेचा मालक. हा इसम लूकच्या कथेत नाहीच. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, एवढेच तिथे आहे. पण नाटकाला खलनायक हवा. नऊ-दहा वर्षांचा पोरगा, बापाची लुंगी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "जागा नाही!" असा ओरडला आणि दार असे आपटले की अख्खे बेथलेहेम हलले. टाळ्या कडाडल्या.

माझ्या मते मात्र इथेच अभिनय फसला. जागा अशी ओरडून नाकारत नाहीत हो! हळू आवाजात, तब्येतीची चौकशी करून नाकारतात. हे मी अधिकाराने सांगतो. दिवाळीत गावाहून पुतण्याचा फोन आला होता. "काका, हिला नववा लागला की मुंबईत आणावी म्हणतो. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. महिनाभर तुमच्याकडे..." मी म्हणालो, "अरे, घर तुझंच आहे! पण नेमकं रंगकाम काढलंय बघ."

रंगाचा डबासुद्धा अजून घरात आलेला नाही.

परतीच्या गाडीत डबा रिकामा. पाय पसरून बसलो, तरी बसल्यासारखे वाटेना.

"कसं झालं नाटक?" दार उघडत हिने विचारले.

"छान. मालकाचं काम तेवढं जमलं नाही. सकाळी पुतण्याला फोन लावायचाय. म्हणावं, दोघं या."

"आणि रंगकाम?" ही म्हणाली.