डोंगर हलले, पण पेटीत काय होतं?



आजचं व्याख्यान एका पुस्तकावर आहे. पण त्याआधी एक प्रश्न. पानिपतची गोष्ट आपल्याला कशी ठाऊक असते? भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी ही नावं तोंडपाठ असतात. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतला तेव्हा तिथल्या धान्याची किती मदत झाली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर अंतर्वेदीतून येणारी रसद कशी आटली, आणि १४ जानेवारी १७६१ ला मैदानात उतरलेलं सैन्य किती दिवसांचं उपाशी होतं, हे सगळं मात्र आपण दोन वाक्यांत उरकतो. कोठीचा माणूस आपल्या इतिहासात फारसा बोलत नाही. बोलायला जिवंत राहिला तरी त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून विल्यम पॅगोनिस यांचं ‘मूव्हिंग माउंटन्स’ हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं. इथे कोठीवाला स्वतः बोलतो. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्याच्या पुरवठ्याची जबाबदारी या जनरलसाहेबांवर होती. युद्धानंतर लगेच, १९९२ मध्ये, हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्रकाशनानं हे पुस्तक काढलं. प्रकाशक कोण हे लक्षात ठेवा, कारण माझी अर्धी तक्रार तिथूनच सुरू होते.

आधी काम काय होतं ते पाहू. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं. त्याच महिन्यात पॅगोनिस मोजकी माणसं घेऊन सौदी अरेबियात उतरले. पुढच्या काही महिन्यांत अमेरिकेचे पाच लाखांहून जास्त सैनिक तिथे आले. त्यांचं पाणी, जेवण, इंधन, दारूगोळा, सुटे भाग, तंबू, संडास, सगळं बघायचं होतं. त्यात गंमत अशी, की सुरुवातीला जहाजं-विमानं लढाऊ तुकड्यांसाठी राखून ठेवली होती. इराकी फौज सरहद्द ओलांडेल ही भीती खरी होती, त्यामुळे रणगाडे आधी आणि ते सांभाळणारी पुरवठ्याची पथकं मागून, असा क्रम लागला. म्हणजे पाहुणे आले आणि आचारी अजून गाडीतच!

पॅगोनिस यांनी काय केलं? बाजार गाठला. ट्रक भाड्यानं, बस भाड्यानं, तंबू स्थानिक, ताजं अन्न आणि पाणी स्थानिक ठेकेदारांकडून. पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावात त्यांच्या आईवडिलांचं रेस्टॉरंट होतं, तिथे ते लहानपणी राबलेले. वाळवंटात महिनोन्‌महिने पाकिटातलं अन्न खाणाऱ्या शिपायाला गरम बर्गर मिळावा म्हणून त्यांनी फिरत्या गाड्या काढल्या, त्यामागे हा संस्कार दिसतो. रोजची बैठक उभ्या उभ्या. निरोप छोट्या कार्डावर लिहायचा, म्हणजे कोणी पाल्हाळ लावणार नाही. हाताखालच्या माणसाला अधिकार द्यायचा आणि त्याच्यावर नजरही ठेवायची. हे सगळं वाचताना मजा येते. अधिकाऱ्यानं लिहिलेलं पुस्तक इतकं मोकळं क्वचित असतं.

आणि कामगिरी खरोखर मोठी आहे. १७ जानेवारी १९९१ ला हवाई हल्ले सुरू झाले. त्यानंतर दोन अख्ख्या कोअर, म्हणजे लाखांच्या घरातलं सैन्य, त्यांचे रणगाडे आणि सगळा पसारा, तीनेक आठवड्यांत शेकडो किलोमीटर पश्चिमेला हलवला. तोही मुख्यतः तेलाच्या जुन्या पाइपलाइनला लागून जाणाऱ्या एका रस्त्यानं. तळ आधी उभे केले, मागून लढणारे आले. २४ फेब्रुवारीला जमिनीवरची चढाई सुरू झाली आणि शंभर तासांत थांबली. पॅगोनिसना युद्ध चालू असतानाच तिसरा तारा मिळाला. तो त्यांनी कमावला होता, यात मला शंका नाही.

मग तक्रार कुठे आहे?

पहिली तक्रार श्रेयाची. पुस्तकाचा साचा नेतृत्वाच्या धड्यांचा आहे. माणूस असा घडला, असा वागला, म्हणून डोंगर हलला. पण डोंगर हलायला आणखी तीन गोष्टी होत्या. एक म्हणजे वेळ. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत इराकनं सौदीवर चाल केली नाही. साडेपाच महिने शत्रू तुमची कोठारं भरू देतो, हे इतिहासात किती वेळा घडतं? दुसरी गोष्ट बंदरं. दम्माम आणि जुबैल ही आधुनिक, खोल, मोठ्या धक्क्यांची बंदरं तयार होती. तिसरी म्हणजे यजमानाची तिजोरी. इंधन, पाणी, अन्न, वाहतूक यांचा मोठा भार सौदी सरकारनं उचलला. पुस्तक हे लपवत नाही, ते सौदींचे आभार मानतं. पण धडे काढायची वेळ आली की या तीन गोष्टी मागे पडतात आणि कार्डं, बैठका, स्वभाव पुढे येतात. व्यवस्थापन शिकणारा विद्यार्थी मग उभ्यानं बैठका घ्यायला लागतो. दम्मामचं बंदर तो कुठून आणणार?

दुसरी तक्रार माणसांची. भाड्याच्या ट्रकांवर चालक कोण होते? बरेचसे परदेशातून पोटासाठी आलेले कामगार. आपल्या उपखंडातलेही त्यात होते. क्षेपणास्त्रं पडायला लागली की हे पळून जातील अशी धास्ती होती, म्हणून त्यांच्या जागी बसू शकतील असे शिपाई तयार ठेवले. लष्करी हिशेबानं निर्णय बरोबर. पण ज्यांनी पळून जायची भीती होती ते बहुतेक पळाले नाहीत, गाडी हाकत राहिले. त्यांना ना पदक, ना पेन्शन. नेतृत्वाच्या पुस्तकात त्यांच्यासाठी एक पान असायला हवं होतं.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि शीर्षकातला प्रश्न तिच्यातूनच आलाय. त्या युद्धात सुमारे ४०,००० कंटेनर पाठवले गेले. त्यातले निम्म्याहून जास्त तिथे पोचल्यावर उघडून बघावे लागले. का? आत काय आहे ते बाहेरून कळत नव्हतं. यादी नाही, असली तर अपुरी, आणि एका पेटीत चार तुकड्यांचा माल. विचार करा. उन्हात उभं राहून लोखंडी दार उघडायचं, आत ब्रेकचे भाग आहेत की टायर आहेत ते बघायचं, आणि परत बंद करायचं. हे हजारो वेळा.

पुस्तकात ही अडचण म्हणून येते. माझ्या मते ती पुस्तकाचा कणा व्हायला हवी होती, कारण बाकीचा पसारा तिच्यातूनच वाढतो. साखळी बघा. तुकडीतला भांडारपाल एक सुटा भाग मागवतो. उत्तर येत नाही. तो परत मागवतो, या वेळी तातडीचा शिक्का मारून. तरी उत्तर नाही. तिसऱ्यांदा दोन जास्तीचे मागवतो. तो चोर नाही, मूर्ख नाही, त्याचा रणगाडा बंद पडलाय! पण असे हजारो भांडारपाल एकदम हेच करतात. सगळंच तातडीचं झालं की काहीच तातडीचं उरत नाही. अमेरिकेत आणि युरोपात विमानतळांवर मालाचे ढीग लागले. शेवटी ऑक्टोबर १९९० च्या अखेरीस ‘डेझर्ट एक्स्प्रेस’ नावाचं रोजचं खास विमान सुरू करावं लागलं, खरोखरच्या तातडीच्या मालासाठी. तातडीवर आणखी एक तातडी. आणि ढीग जितका वाढतो तितकी माहिती कमी होते, म्हणून मागणी आणखी वाढते.

इथे एक भेद करू या. साठा दोन कारणांनी होतो. एक साठा शत्रूच्या भीतीपोटी. बंदर बंद पडेल, रस्ता तुटेल, म्हणून साठ दिवसांचं धान्य ठेवा. हा शहाणपणाचा साठा. लडाखमध्ये झोजी खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत आपलं सैन्य हिवाळ्याची बेगमी करून ठेवतं, ती याच जातीची. दुसरा साठा आपल्याच अज्ञानापोटी. काय आहे, कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून आणखी मागवा. बाहेरून दोन्ही ढीग सारखेच दिसतात. पॅगोनिस यांच्या डोंगरात दोन्ही होते. पुस्तक त्यांना वेगळं करत नाही, डोंगर हलवल्याचा अभिमान सांगतं. युद्ध शंभर तासांत संपलं आणि उरलेला माल आवरण्यात १९९१ सालातले पुढचे सगळे महिने गेले. तो माल आवरायलाही पॅगोनिसच थांबले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं.

कोणी म्हणेल, हा किस पाडणं झालं. युद्ध जिंकलं ना? ठीक आहे. पण चुकीचा धडा घेतला की पुढचा माणूस भोगतो. नव्वदच्या दशकात अमेरिकी सैन्यानं ठरवलं की असे डोंगर पुन्हा नकोत. साठा कमी, वेग जास्त, पेट्यांवर रेडिओ लहरींनी ओळख पटवणाऱ्या चिपा. २००३ मध्ये पुन्हा इराकवर चढाई झाली. या वेळी डोंगर लहान होता, पण अज्ञान पुरतं गेलं नव्हतं. सुट्या भागांची टंचाई झाली. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानं त्याच वर्षाच्या डिसेंबरात सांगितलं, की पाठवलेला माल आणि पोचल्याची नोंद झालेला माल यांत १.२ अब्ज डॉलरची तफावत आहे. म्हणजे पथ्य पाळलं, पण रोग तोच राहिला. ढीग हे लक्षण होतं. ते कापलं, आणि ज्या अज्ञानातून ढीग झाला ते शिल्लक राहिलं. १९९१ मध्ये निदान ढिगात हात घातला तर काहीतरी सापडायचं.

आता तुम्ही म्हणाल, आपला यात काय संबंध? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे गेले. कोणी घेतले नाहीत, रस्त्याकडेला पडून राहिले. पाठवणाऱ्यांची मनं चांगली होती. पण गठ्ठ्यात काय आहे आणि समोरच्याला काय हवंय, हे दोन्ही कोणाला ठाऊक नव्हतं. तेच ट्रक, तेच रस्ते औषधांना लागणार होते. आपल्या गावात पूर येतो तेव्हा किती ट्रक आले हे आपण अभिमानानं मोजतो. ट्रकात काय होतं, ते कोणी मागितलं होतं, आणि कोणाच्या हातात पडलं, हे मोजणारा माणूस एका कोपऱ्यात वही घेऊन बसलेला असतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही.

तर हे पुस्तक वाचा. जरूर वाचा. पुरवठ्याचं काम किती अवघड आणि किती माणसाळलेलं असतं, हे इतक्या जिवंतपणे सांगणारी पुस्तकं थोडी आहेत. फक्त वाचताना एक करा. जिथे जिथे टनांचा आकडा येईल तिथे पेन्सिलीनं समासात लिहा: यातलं किती, कोणाला, कुठे आहे हे माहीत होतं? ज्या पानांवर याचं उत्तर मिळतं ती खरी कोठीवाल्याची पानं आहेत. बाकीची जनरलसाहेबांची.

आता प्रश्न घेऊ.