सॅक्सोफोनने म्हटलेले स्तोत्र

जॉन कोल्ट्रेनच्या जॅझ चौकडीची ‘अ लव्ह सुप्रीम’ (ध्वनिमुद्रण ९ डिसेंबर १९६४) ही तबकडी संग्राहक जिवापाड जपतात. परंतु तिचे वेष्टन उघडून वाचल्यावाचून ती पुरती ऐकलीच जात नाही, असे माझे मत आहे. १९५७ साली झालेल्या आत्मिक जागृतीविषयी कोल्ट्रेनने आत लिहिले असून, ईश्वराला उद्देशून रचलेली प्रार्थनाही तेथे छापली आहे. चौथ्या आणि शेवटच्या भागाचे नावच ‘स्तोत्र’ या अर्थाचे. त्यात सॅक्सोफोन ती प्रार्थना शब्दाशब्दाने म्हणतो. एल्विन जोन्सचे ड्रम ठेका सोडून नुसते गडगडत राहतात. ओळ संपताच स्वर खाली उतरतो, मिस्सामध्ये स्तोत्र म्हणताना आपला उतरतो तसा. हा भाग विस्कळीत म्हणणाऱ्यांनी प्रार्थना समोर धरावी.

पहिल्या भागात जिमी गॅरिसनच्या बासवरील चार स्वरांची ओळ कोल्ट्रेन बाराही पट्ट्यांतून फिरवतो. कोणी त्यास तंत्र म्हणो, मला ते नामस्मरण वाटते. गायनाला असे वळण लागलेले नाशिकने विष्णू दिगंबर पलुस्करांच्या रामनाम आश्रमात पाहिलेच आहे. तिसऱ्या भागातील दीर्घ ड्रमवादन मात्र नवख्याला जड जाईल. त्याने आधी शेवटचा भाग लावला तरी चालेल.