सुटींतील संगीत नाटक

मार्च महिना संपत आला कीं शहरांतील सुशिक्षित घरांत एक नवी चिंता डोकावूं लागते. परीक्षा होणार, शाळा मिटणार, आणि पुढचे सहा आठवडे मुलांचें काय करावयाचें? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर आजोळ हें होतें. हल्लीं तें शिबिर हें झालें आहे. पोहणें, बुद्धिबळ, चित्रकला यांच्या पंक्तीस गेलीं कांहीं वर्षें संगीत नाटकाचें शिक्षणहि येऊन बसलें आहे. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा तेव्हां सहावींत होता. गळा गोड, सुरांची जाण उपजत, आणि आजीजवळ बसून बालगंधर्वांचीं ध्वनिमुद्रणें ऐकल्यामुळें नाटकाचा नाद लागलेला. “याला पुढच्या वर्षीं कोठें घालावें तें तुम्ही पाहून सांगा,” असें स्नेह्यांनीं आम्हांस म्हटलें. त्या निमित्तानें त्या उन्हाळ्यांत आम्हीं पुण्यामुंबईकडील चार शिबिरांचे समारोपाचे प्रयोग पाहिले, आणि दोन ठिकाणीं तालमींसहि बसलों. नाटकांचें परीक्षण नेहमींच होतें; नाटक शिकविण्याचें परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाहीं, म्हणून हा लेख.

चारांपैकीं दोन शिबिरें वस्तुतः गाण्याचीं होतीं. तेथें आठ-दहा नाट्यपदें मुलांकडून घोटून घेत. पद कोणत्या नाटकांतील, तें कोण कोणास उद्देशून म्हणतें, त्यापूर्वीं काय घडलें, याची वार्ताहि शिकणारांस नव्हती. फार तयारीनें गाणाऱ्या एका मुलीस आम्हीं विचारलें कीं, या नायिकेला राग कसला आला आहे? तिनें क्षणाचाहि विलंब न लावतां उत्तर दिलें, “भीमपलास!” त्या पोरीस आम्ही दोष देत नाहीं. राग या शब्दाचा दुसराहि एक अर्थ रंगभूमीवर उपयोगीं पडतो, हें तिला कोणीं सांगितलेंच नव्हतें.

उरलेलीं दोन शिबिरें बालनाट्याचीं. तेथें मुलें मोकळेपणीं बोलत होतीं, हंसत होतीं, रंगमंचावर निर्भयपणें वावरत होतीं. एवढें श्रेय त्या चालकांस निःसंशय दिलें पाहिजे. परंतु गाण्याची वेळ आली कीं ध्वनिक्षेपकांतून आधींच मुद्रित केलेलें गाणें सुरू होई, आणि तीच मुलें ओठ हालवीत, हातवारे करीत उभीं राहत. हें पाहून आम्हांस एका जुन्या गोष्टीची आठवण झाली. विष्णुदास भावे यांनीं 1843 मध्यें सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां सर्व पदें सूत्रधार म्हणे आणि पात्रें त्यावर अभिनय करीत. 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, त्यांत पात्रें आपापलीं पदें आपणच गाऊं लागलीं. मराठी संगीत नाटक म्हणून आपण ज्याचा अभिमान वाहतों त्याचें बीज या एका बदलांत आहे. ध्वनिक्षेपकाच्या शिबिरानें मुलांना 1880 च्या मागें नेऊन सोडलें म्हणावयाचें! त्यांतहि भाव्यांचा सूत्रधार जिवंत होता. पात्र अडखळलें तर तो थांबे. यंत्र कोणासाठीं थांबत नाहीं.

म्हणजे एकीकडे गाणें होतें, दुसरीकडे नाटक होतें, आणि या दोहोंच्या मधला उंबरठा कोठेंच शिकविला जात नव्हता. गद्याचें शेवटचें वाक्य चाललें असतांना ऑर्गनवाला हळूच सूर धरतो; नट त्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द नकळत त्या सुराकडे चढवीत नेतो, आणि बोलणें केव्हां संपलें व पद केव्हां सुरू झालें हें प्रेक्षकास उमगत नाहीं. पद संपल्यावर परत गद्यावर उतरणें तर याहूनहि कठीण. दम लागलेला असतो, टाळ्या चालू असतात, आणि समोरचें पात्र उत्तराची वाट पाहत असतें. ही विद्या पुस्तकांत मिळत नाहीं, आणि दहा दिवसांत पुरी येतहि नाहीं. पण तिची ओळख करून देण्यास दहा दिवस पुष्कळ झाले.

तशी ती करून देणारे एक वृद्ध मास्तर आम्हांस दुसऱ्या एका ठिकाणच्या तालमींत भेटले. ते शिबिर कोणत्याहि जाहिरातींत नव्हतें. एका देवळाच्या सभामंडपांत चौदा मुलें आणि एक पायपेटी, एवढाच त्याचा संसार. मास्तरांनीं मुलांना एकहि गाजलेलें पद दिलें नव्हतें. साकी आणि दिंडी, एवढ्यावरच त्यांची सारी भिस्त. दिंडीच्या ओळींत नऊ आणि दहा अशा एकोणीस मात्रा, साकीच्या ओळींत सोळा आणि बारा मिळून अठ्ठावीस; चाल चार-पांच सुरांत फिरणारी; ताना नाहींत, आलाप नाहींत. त्यामुळें मुलाचें सारें लक्ष शब्दांवर राहतें. प्रत्येक मूल पुढें येई, आपल्या घरचीच एखादी तक्रार गद्यांत सांगूं लागे, मास्तर पेटीवर सूर धरीत, आणि तक्रारीचा शेवट दिंडीच्या चालींत व्हावयाचा. एका मुलीनें धाकट्या भावानें पेन्सिली मोडल्याची फिर्याद अशा कांहीं करुण सुरांत मांडली कीं सारा मंडप हंसला, आणि ती मात्र हंसली नाहीं. हें खरें संगीत नाटक! साकी-दिंडीस आज कोणी विचारीत नाहीं, ‘सौभद्रा’च्या प्रयोगांतूनहि कालावधीच्या सबबीवर प्रथम त्याच गाळल्या जातात, परंतु बालशिक्षणाच्या दृष्टीनें किर्लोस्करांच्या भांडारांत याहून उपयुक्त वस्तु आम्हांस दिसत नाहीं.

गाजलेल्या पदांविषयीं आमची तक्रार केवळ रुचीची नाहीं. तींत मुलांच्या गळ्याचा प्रश्न आहे. साधारणतः बारा ते पंधरा या वयांत मुलग्याचा स्वरयंत्राचा सांगाडा झपाट्यानें वाढतो, स्वरतंतु लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं येतो. हें काम एका रात्रींत होत नाहीं. कित्येक महिने आवाज आज वर, उद्यां खालीं, मध्येंच फाटणारा असा राहतो. मुलींचाहि आवाज या वयांत बदलतो, पण फरक थोडा असल्यामुळें तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कांहीं दिवस स्वरांत हवा मिसळल्यासारखी वाटते, इतकेंच. अशा काळांत ‘मानापमान’ किंवा ‘कट्यार काळजांत घुसली’ यांतील पल्लेदार पदें मुलाकडून काळी चारमध्यें खेंचून घेणें म्हणजे कोंवळ्या रोपाची उंची वाढावी म्हणून त्यास वरून ओढण्यासारखें आहे. एका समारोपांत तेरा वर्षांचा एक मुलगा तार षड्जावर फुटला. प्रेक्षकांनीं उदारपणें टाळ्या दिल्या. पण पडद्याआड जाऊन तो जो बसला तो अखेरच्या नमस्कारासहि बाहेर आला नाहीं. त्याची पट्टी दोन सुरांनीं उतरवावी असें पंधरा दिवसांत कोणासहि सुचलें नव्हतें, कारण संगत मुद्रित होती आणि ती बदलण्याची सोय नव्हती.

येथें जुन्या नाटक मंडळ्यांचा दाखला नेहमीं पुढें करण्यांत येतो. केशवराव भोसले अगदीं लहानपणीं घरच्या दारिद्र्यामुळें स्वदेशहितचिंतक मंडळींत आले आणि बालवयांतच त्यांची ‘शारदा’ गाजली, हें खरें. पण त्या मंडळ्यांत शाळा सुटली, घर सुटलें, आणि आवाज फुटल्यावर ज्यांच्या भूमिका गेल्या त्या मुलांचीं चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत, हेंहि तितकेंच खरें. बालगंधर्वांचें उदाहरण तर उलटच बोलतें. त्यांच्या नांवांतील ‘बाल’ या शब्दानें पुष्कळांची फसगत होते. त्यांचा जन्म 1888 चा, आणि किर्लोस्कर मंडळींत ते दाखल झाले 1905 मध्यें. म्हणजे सतराव्या वर्षीं, गळा बसल्यानंतर. पुढें भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूंची तालीम त्या बसलेल्या गळ्यास मिळाली. घाई करणाऱ्या आईबापांनीं एवढा एक सन ध्यानांत ठेवावा.

नाटकाच्या निवडीविषयींहि थोडें लिहिणें अवश्य आहे. सातवींतील मुलांसाठीं देवलांची 1899 ची ‘शारदा’ आम्हांस सर्वांत योग्य वाटते. नायिका त्यांच्याच वयाच्या जवळपासची. तिच्या मैत्रिणींच्या प्रवेशांत पांच-सहा मुलींना सारखें काम. चाली घरगुती व बहुतांशीं सोप्या. म्हाताऱ्याशीं लग्न लावण्याचा विषय मुलांपुढें कशास, असा आक्षेप एका पालकांनीं आमच्यापाशीं घेतला. पैशासाठीं बाप मुलगी विकावयास निघतो हें कळण्याइतकीं हीं मुलें मोठीं असतात, आणि त्यांना न कळेल असें त्यांत कांहीं नाहीं. (जातां जातां, 1929 च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ म्हणतात तो या नाटकावरून, ही समजूत चुकीची आहे, तें नांव हरबिलास सारडा यांचें.) याच्या उलट ‘कट्यार’ हें दोन घराण्यांच्या प्रौढ अहंकाराचें नाटक आहे. 1967 पासून तें गाजत आहे आणि अभिषेकीबुवांचें संगीत थोरच. परंतु बारा वर्षांच्या मुलानें खांसाहेब होऊन गर्जावें यांत कौतुक अधिक आणि नाट्य कमी.

सन 2023 च्या उन्हाळ्यांत मुंबईस ‘द साऊंड ऑफ म्युझिक’ हें अमेरिकन संगीत नाटक आलें, आणि तें पाहून आलेल्या घरांतून ‘आपल्याकडे मुलांसाठीं असें कांहीं कां नाहीं?’ असा उद्गार आम्हीं अनेकदां ऐकला. योगायोग असा कीं तें नाटक न्यूयॉर्कला 1959 मध्यें प्रथम झालें, आणि त्याच वर्षीं मुंबईस सुधा करमरकर यांनीं ‘लिटल थिएटर’तर्फें रत्नाकर मतकरींची ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणली. पुढें ‘आविष्कार’च्या चंद्रशाळेनें ‘दुर्गा झाली गौरी’ हें नृत्यनाट्य मुलांकडून वर्षानुवर्षें करविलें. तेव्हां कांहींच नाहीं असें नव्हे. नाहीं तें एवढेंच कीं किर्लोस्करी गाणें आणि आमचें बालनाट्य यांची अद्याप नीट भेट झालेली नाहीं. गोव्यांत मात्र ती भेट कोणीं न घालतां होते. तेथें देवळांच्या उत्सवांत गांवकरी स्वतः संगीत नाटकें करतात. तालमीच्या कडेला बसलेल्या मुलांना पदें, गद्य आणि त्यांमधील उंबरठा हीं तिन्ही एकदमच ऐकावयास मिळतात, आणि पुढें एखाद्या वर्षीं त्यांच्या वांट्यास लहानसें काम येतें. गोव्यांत आजोळ असलेल्या मुलांच्या पालकांनीं शिबिराचे पैसे वांचवून हा विचार अवश्य करावा.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं मास्तरांचा सभामंडप सुचविला. त्यांचा विरस झालेला आम्हांस दिसला. तेथें मोठें नाट्यगृह नव्हतें, प्रशस्तिपत्र नव्हतें, आणि नातलगांस बोलावण्याजोगा समारोपहि नव्हता. तरी त्यांनीं मुलास पाठविलें. वर्षभरांत त्याचा आवाज बदलूं लागला होता. मास्तरांनीं पहिल्याच दिवशीं त्यास एकट्यास बोलावून खालच्या सुरांत चार ओळी म्हणवून घेतल्या, आणि सांगितलें, “बाळ, यंदा तूं गाऊं नकोस, पेटीवर बस, आणि दुसऱ्यांना सूर दे.” मुलगा घरीं येऊन रडला. आजींनीं मास्तरांस फोन करून चांगलें सुनावलें, असेंहि आमच्या कानावर आलें. पण तो दुसऱ्या दिवशीं गेला, आणि पुढील वीस दिवस इतरांचीं वाक्यें कोठें संपतात तिकडे कान लावून बसला.

शेवटच्या संध्याकाळीं आम्ही गेलों होतों. एका लहान मुलीचें गद्य मध्येंच अडलें. ती शब्द विसरली होती. पेटीवरच्या त्या मुलानें तिच्याकडे पाहिलें, भाता तसाच हलका चालू ठेवला, आणि तिला शब्द आठवेपर्यंत सूर सोडला नाहीं. तिनें वाक्य पुरें केलें व दिंडी म्हटली. यंदाच्या उन्हाळ्यांत त्यास पुन्हां तेथेंच जावयाचें आहे. आवाज अजून पुरता बसलेला नाहीं.