लेन्सचं झाकण

आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थिसियस’ जुलै २०१३ मध्ये मोजक्याच शहरांत लागला. आपल्या गावी तो यावा म्हणून लोक फेसबुकवर मत नोंदवत होते. आम्ही भिशीतल्या चौघी बेळगावहून पुण्याला जाऊन तो बघून आलो. ओढ होती ती त्यातल्या साधूची. सिनेमात आपल्यासारखे कुणी फारसे दिसत नाहीत, आणि दिसले तर ते सावकार नाहीतर विनोदी शेठ. ‘बघू तरी काय दाखवलंय’ असं म्हणून गेलो. पण परतीच्या वाटेवर बोलणं झालं ते जास्त पहिल्या गोष्टीवर, म्हणजे फोटोंवर.

सिनेमात तीन गोष्टी आहेत. पहिलीतली आलिया अंध आहे आणि तरीही नावाजलेली फोटोग्राफर आहे. आवाजाच्या, स्पर्शाच्या अंदाजाने ती फोटो काढते. फोटोत काय आलंय ते तिचा जोडीदार सांगतो. पण कुठला ठेवायचा, कुठला टाकायचा हे ती ठरवते, त्यावरून त्याच्याशी भांडते. पुढे शस्त्रक्रिया होऊन तिला दिसायला लागतं आणि तिचे फोटो फिके पडतात. शेवटी ती डोंगरात प्रवासाला जाते. एका पुलावर बसलेली असताना लेन्सचं झाकण हातून सुटून खाली पाण्यात पडतं. ती कॅमेरा बाजूला ठेवते आणि नुसती बघत बसते.

हा प्रसंग सुंदर आहे. आयदा अल्-काशिफ या इजिप्शियन दिग्दर्शिकेने आलियाचं काम केलंय, आणि कुठेही दयेची भीक न मागता केलंय. पण या प्रसंगाचा जो अर्थ सगळीकडे सांगितला गेला, म्हणजे कॅमेरा सुटला तेव्हा तिला खरं दिसलं, तो मला पटत नाही.

ज्याच्या हातात पहिल्यापासून कॅमेरा होता, त्याला तो खाली ठेवणं शोभतं. आपल्या घरातले यात्रेचे जुने अल्बम काढून बघा. शिखरजी, पावापुरी, कुंथलगिरी; छत्तीस फोटोंचा रोल, तो जपून वापरायचा, आणि कॅमेरा कायम काका नाहीतर थोरल्या भावाच्या गळ्यात. बायका रांगेत उभ्या, डोक्यावर पदर, कडेवर पोर, उन्हाने डोळे बारीक झालेले. त्यांनी त्या डोंगरावरून काय बघितलं, कुठे थबकल्या, याचा एकही पुरावा अल्बममध्ये नाही. बायका फोटोत होत्या. फोटो त्यांचे नव्हते.

दुसऱ्या गोष्टीतला मैत्रेय हा साधू. त्याच्या पंथाला सिनेमा आपलं नाव देत नाही, आणि पांढऱ्या वस्त्रातला हा साधू आपल्या दिगंबर मुनींसारखा दिसतही नाही. पण ते अनवाणी चालणं, कोर्टाच्या व्हरांड्यात पायाखाली येणारा किडा उचलून बाजूला ठेवणं आपल्या ओळखीचं आहे. औषधांसाठी प्राण्यांवर होणाऱ्या प्रयोगांविरुद्ध तो कोर्टात लढतो आणि त्यालाच यकृताचा आजार होतो. तो औषध नाकारतो, अन्न सोडतो, आणि अगदी शेवटी उपचार पत्करतो. नीरज काबींनी या भूमिकेसाठी वजन पुष्कळ घटवलं होतं. ते झिजणं बघवत नाही. त्याच्या माघारीला सिनेमा हसत नाही, हे मला फार मोठं वाटलं.

मैत्रेयाचा प्रश्न आलियाच्या कॅमेऱ्यालाही विचारता येतो. जुन्या रोलवर आणि सिनेमाच्या रिळावर जो प्रकाश टिपणारा थर असायचा, तो जिलेटिनचा. आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून होतं. चांदवर्ख चालेल का, साबण कशाचा, हे विचारणाऱ्या आपल्या घरांतही हा प्रश्न फारसा निघाला नाही. तीर्थांचे फोटोसुद्धा त्याच रोलवर निघाले. आता मोबाईल आला आणि रोल गेला. हिंसेचा तेवढा प्रश्न मिटला, तर त्या जागी परिग्रहाचा येऊन बसला. एका यात्रेचे आठशे फोटो! दर्शनाआधी फोटो, मग जमलं तर दर्शन. पण परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूवरच्या आसक्तीत असतो, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवण आपण पाठशाळेपासून ऐकतो. तोच हिशोब फोटोला लावावा. किती काढले हे मोजू नये. काढताना आपण बघत होतो की नुसतं साठवत होतो, एवढं विचारावं.

श्रवणबेळगोळला २०१८ च्या महामस्तकाभिषेकाची गर्दी ओसरल्यावर आम्ही गेलो होतो. दगडात कोरलेल्या सहाशेवर पायऱ्या अनवाणी चढून गेलं की सुमारे ५७ फुटी बाहुबली समोर. सगळे पाठ फिरवून सेल्फी काढत होते. आमच्या सत्तरी ओलांडलेल्या आक्कांनी नातीचा फोन मागून घेतला आणि मूर्तीच्या पायांशी नेम धरला. तिथे चामुंडरायाने मूर्ती करविली असं सांगणारी जुनी मराठी ओळ नागरी अक्षरांत कोरलेली आहे. कन्नड आणि तमिळ लेखही त्याच पायांशी आहेत. “अगं, हे मराठी हाय की! मला वाचता येतंय,” आक्का म्हणाल्या. फोटो जरा हललेला आला. त्यात मूर्तीचा चेहरा नाही, घरातलं कुणी नाही. पण आमच्या सबंध घराण्याच्या अल्बममध्ये बाईने स्वतः थांबून, स्वतः निवडून काढलेला तो पहिला फोटो. आक्कांना कोण सांगणार, की कॅमेरा ठेवा म्हणजे खरं दिसेल?

आणि सिनेमाचा शेवट तरी काय सांगतो? एकाच दात्याचे अवयव मिळालेली आठ माणसं एकत्र येतात आणि त्याने काढलेलं चित्रीकरण बघतात. तो गुहा धुंडाळत हिंडणारा माणूस होता. पडद्यावर अंधार, दगड, आणि त्याची नुसती सावली. त्याचा चेहरा दिसत नाही. तो जे बघत होता ते दिसतं. त्यानेही झाकण पाण्यात पडू देऊन नुसतं बघायचं ठरवलं असतं, तर या आठ जणांपाशी त्याची नजर पोचलीच नसती. पहिल्या गोष्टीत जे खाली ठेवायला लावलं, त्याच्याच जोरावर सिनेमा शेवटी उभा राहतो. मला ही विसंगती आवडते. सिनेमा त्यामुळे जास्त खरा होतो.

म्हणून मुलींना माझं सांगणं इतकंच: यात्रेला जाल तेव्हा फोन जरूर न्या. आणि एकदा तरी तो आईच्या, आजीच्या हातात द्या. त्यांचा फोटो काढायला नव्हे, त्यांना काढू द्यायला.