नळदुर्गचे दोन धबधबे आणि एक अपुरी उपमा

16 जुलै 2021 रोजी दुपारी 1 वाजता महाराष्ट्रात दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. 15 लाखांहून अधिक विद्यार्थी खोळंबले. असे झाले की घरोघरी एकच स्पष्टीकरण ऐकू येते : 'सर्व्हर डाउन'. वर्गात याहून अधिक सांगायचे तर आपण उपमेचा आधार घेतो. नळदुर्गच्या शिक्षकाला सुचावी अशी उपमा गावातच आहे. ती कितपत टिकते, ते पाहू.

नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 सालचा बंधारा आहे. पावसाळ्यात जलाशय भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते. बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल मात्र कोरडा राहतो.

आता संकेतस्थळाकडे वळू. अनेक मोठी संकेतस्थळे आज कंटेनरमधून चालतात. कंटेनर म्हणजे आज्ञावली आणि तिला लागणारे साहित्य यांची एकत्र बांधलेली शिदोरी. कोणत्याही योग्य संगणकावर ती सोडता येते. 2013 मध्ये आलेल्या डॉकरमुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. एकाच शिदोरीच्या दहा प्रती काढणे सोपे असते. पण प्रत्येक प्रतीचा पत्ता आतल्या जाळ्यातला असतो आणि प्रत बदलली की पत्ताही बदलतो. म्हणून पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे भारसंतुलक, बसवतात. बाहेरच्या जगाला त्याचा एकच कायमचा पत्ता दिसतो. आलेली प्रत्येक विनंती तो एखाद्या प्रतीकडे धाडतो आणि उत्तर परत पोहोचवतो.

उपमा इथवर छान जुळते. लोंढा वाटला जातो आणि ठरवलेली वाट सोडून आत काही शिरत नाही. पुढे मात्र ती फसते. बंधारा पाणी साठवतो. भारसंतुलकाचे काम साठवण्याचे नव्हे, वाटण्याचे. सांडव्यावरून गेलेले पाणी परत येत नाही, इथे प्रत्येक विनंतीला उत्तर हवे. सांडवे दोनच, प्रती हव्या तितक्या वाढवता येतात. शिवाय भारसंतुलक प्रत्येक प्रतीला ठरावीक वेळाने 'ठीक आहेस ना?' असे विचारतो आणि उत्तर न देणारीला वगळतो. पाणी असे काही विचारत नाही.

तरीही उपमेचा सर्वांत मोठा दोष निराळाच आहे. सांडव्यापलीकडे नदी मोकळी असते, कंटेनरच्या पलीकडे मात्र गुणांची एकच नोंदवही असू शकते. समजा, पहिल्या 10 मिनिटांत 15 लाख विनंत्या आल्या. म्हणजे सेकंदाला 2,500. एक प्रत सेकंदाला 200 विनंत्या हाताळत असेल, तर 13 प्रती पुरतील. पण नोंदवही सेकंदाला 1,000 उत्तरेच देत असेल, तर 13 काय आणि 130 काय, रांग वाढतच जाणार. त्यातच उत्तर न मिळालेला विद्यार्थी पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि लोंढा आणखी फुगतो.

इथे विचार करणाऱ्याला वाट सापडते. जाहीर झालेला निकाल क्षणोक्षणी बदलत नाही. मग प्रत्येकासाठी मूळ नोंदवही कशाला उघडायची? तिच्या तयार प्रती आधीच अनेक ठिकाणी ठेवता येतात. ही युक्ती सांडव्याच्या उपमेतून सुचत नाही, अडथळा नेमका कोठे आहे हे विचारले की सुचते.

वर्गात करून पाहा. एक विद्यार्थी चिठ्ठ्या वाटणारा, चार उत्तरे देणारे आणि सर्वांत मिळून एकच हजेरीपट. मग तीच खेळी चार हजेरीपट देऊन करा. दोन्ही वेळा लागलेली मिनिटे फळ्यावर लिहा.

नर-मादी धबधब्यापासून सुरुवात जरूर करावी. मात्र उपमा कोठे थांबते हे सांगितले नाही, तर 'सर्व्हर डाउन'च्या जागी आपण फक्त एक देखणा शब्द दिलेला असतो.